खालचा आवाज डॉरीनचा

डॉरीन विल्मॉट हिच्यावर अन्याय झाला. कधी, तर सोमवार, ९ ऑक्टोबर १९९५, सकाळी दुकानं उघडली तेव्हा. या देशात नव्या रेकॉर्डी सोमवारी दुकानात येतात. त्या सोमवारी ‘कोल्ड कँटीन’ या आमच्या बर्मिंगहॅमच्या बँडचा अकरा वर्षांपूर्वीचा अल्बम सीडीवर पुन्हा निघाला. आतल्या पुस्तिकेत छापलंय: गायन आणि बेस गिटार, एड्रियन. साफ खोटं. गायन एड्रियनचं, ते कुणी नाकारत नाही. बेस डॉरीनचा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. तिचं नाव पुस्तिकेत कुठेच नाही. आभारातसुद्धा नाही, आणि आभारात एड्रियनच्या मांजराचं आहे.

गुन्हेगार तीन. ज्या कंपनीने छापलं ती. ज्याने छापू दिलं तो एड्रियन. आणि तिसरी मी. तिसरीबद्दल सविस्तर सांगते, कारण तिची मला सगळ्यात जास्त माहिती आहे.

माझं नाव मित्रा. संपादकांनी फोनवर बजावलं होतं, “मित्रा, प्रेसमधल्या गमतीजमती लिही. हलकंफुलकं. दिवाळी अंक आहे, मोर्चा नाही.” आम्ही बौद्ध, आमच्या घरी दिवाळी नसते; पण इथल्या मराठी मंडळाचा अंक आला की आधी बाबाच पळवतात आणि मला मिळेपर्यंत शब्दकोडं पेनाने सोडवून टाकलेलं असतं. तेव्हा गमतीजमती देते. मोर्चाही देते, तो फुकट.

मी छापते. कॅनॉलच्या कडेला जुन्या स्प्रिंगच्या कारखान्यात आमची प्रेस आहे, सहा जणांची सहकारी. मालक कुणी नाही, म्हणून सगळेच मालक, म्हणून चहाचे कप कुणीच धूत नाही. एकोणिसाव्या वर्षी मी इथे आले ती पत्रकं वाटता वाटता. भाडेवाढीविरुद्ध, इमिग्रेशनच्या धाडींविरुद्ध, एकदा तर प्रेसमधल्याच एका माणसाविरुद्ध. कुणीतरी म्हणालं, एवढं लिहितेस तर छापायलाही शीक. शिकले.

स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे काय, ते मंडळातल्या डॉक्टर मंडळींसाठी सांगते. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणायचं. जिथे रंग नको तिथली जाळी बुजवायची. वर घट्ट शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीने ती एका दमात खाली ओढायची. जाळीतून शाई खालच्या कागदावर उतरते. मध्येच हात थांबला तर पट्टा उमटतो, आणि तो जन्मभर दिसतो. एका रंगाला एक चौकट, तीन रंगांना तीन. मग प्रत्येक कागद रॅकवर वाळत घालायचा. घाई केलीत तर काय होतं, ते या मंडळाला चांगलंच माहीत आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: एका वर्षी गणेशोत्सवाचे कार्यक्रम आम्ही छापले. मी ते ओल्या पोस्टरांवर रचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काकूंचा फोन. “मित्रा, आरतीच्या मागच्या बाजूला कायतरी उलटं आलंय गं.” मी म्हटलं, काकू, पुसट असेल, चालून जाईल. “आरशात धरून वाचलं मी. ‘पोलीस अत्याचार थांबवा’ लिहिलंय.” वर काकू म्हणाल्या, “मजकुराबद्दल आक्षेप नाही. पण आरतीच्या वेळी माणसं कागद उलटे करून बघतायत, टाळ्या चुकतात.”

असो. कोल्ड कँटीन.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत ही चार माणसं प्रेसमध्ये आली. पहिल्या रेकॉर्डचं कव्हर छापायचं होतं. एड्रियन हा गायक: लांब ओव्हरकोट, पोटात दुखत असल्यासारखा चेहरा. गिटारवाला आणि ड्रमवाला दोघे भाऊ, ते एकमेकांशीही बोलत नसत. आणि डॉरीन. तिचे आईवडील जमैकाचे, ती जन्मापासून इथली. दिवसा हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसायची. त्याच हॉस्पिटलच्या बॉयलरहाउसमध्ये माझे बाबा फिटर. आल्या आल्या तिने वाळत घातलेलं पोस्टर बोटाने तपासलं.

“हे ओलं आहे, बॅब.” बर्मिंगहॅममध्ये लाडाने कुणालाही बॅब म्हणतात.

“हात लावायला कुणी सांगितलं?”

“हात लावल्याशिवाय कसं कळणार?”

अशी आमची मैत्री झाली.

आता हा बँड एवढा मोठा का, ते सांगते. आजकाल रेडिओवर जी नवी पोरं वाजवतात, त्यांतली निम्मी कोल्ड कँटीनची नक्कल करतात, आणि उरलेली निम्मी त्या निम्म्यांची. एडिनबरापासून केंब्रिजपर्यंत दर कॉलेजात असा एक बँड आहे. त्याआधी बेस म्हणजे तानपुरा. मागे बसायचं, घुमत राहायचं, कुणी विचारलं तर नमस्कार करायचा. डॉरीनने उलटं केलं. चाल तिने घेतली. गिटार कोपऱ्यात खरखरत बसली, ड्रम सरळ चालत राहिले, आणि बेस पुढे येऊन गायला लागला. दोन तारांवर, वरच्या पट्टीत, असा की बसस्टॉपवर उभं राहून गुणगुणाल. गाण्याचे शब्द कुणाच्या लक्षात नाहीत. शब्द एड्रियनचे होते.

मी पहिली रेकॉर्ड घरी आणली. बाबांनी पूर्ण ऐकली, चष्मा काढून. मग म्हणाले, “हे खालून जे वाजतंय ना, ते गाणं आहे. वरचा माणूस नुसती तक्रार करतोय.”

संगीताच्या साप्ताहिकांनी पुढे पानंच्या पानं लिहिली. याच्यापेक्षा नेमकं एकानेही लिहिलं नाही.

आता माझा गुन्हा.

आमच्या प्रेसमध्ये सगळं मीटिंगमध्ये ठरायचं. शाईचा रंगसुद्धा. कव्हरवर नावं कुणाची आणि कशी घालायची, यावर मीटिंग बसली, आणि मी एक पत्रक लिहून आणलं. मथळा होता: ‘नाव म्हणजे खाजगी मालमत्ता’. कलाकृती सगळ्यांची असते, नाव घातलं की देव्हारा होतो, फोटो घातला की बाजार होतो. म्हणून नावही नको, फोटोही नको. वय एकोणीस. अजून वाचलं की भाषा चांगली वाटते आणि कान गरम होतात.

एड्रियन खूश. त्याचं नाव तसंही सगळ्यांना माहीत होतं, गाणाऱ्याचं असतंच. भाऊ बोलले नाहीत. डॉरीन म्हणाली, “छान लिहिलंयस. पण माझ्या आईला कसं कळणार कोण मी?”

“म्हणजे?”

“तिला वाटतं मी या पोरांचे डबे करते. रेकॉर्ड दाखवली की ती मागची बाजू वाचेल. तिथे काय लिहिलंय? काही नाही. मग ती म्हणेल, बघ, म्हटलं नव्हतं?”

मी काय म्हणाले, ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाले, “डॉरीन, हा बँड तुझ्या आईसाठी नाहीये.”

मतदान झालं. डॉरीनने सगळ्यांच्या शेवटी हात वर केला. प्रस्ताव एकमताने मंजूर.

घरी मी हे अभिमानाने सांगितलं. बाबा भाजी चिरत होते. म्हणाले, “माझ्या वडलांचं नाव मास्तरने शाळेच्या रजिस्टरात एकदाही धड लिहिलं नाही. जात तेवढी शुद्ध अक्षरात. आणि तू नावं पुसत फिरतेस?”

“बाबा, तो प्रश्न वेगळा आहे.”

“हो का? मग त्या एक्स्चेंजवाल्या पोरीला विचार, वेगळा आहे का.”

मी विचारलं नाही. तत्त्वाच्या माणसाला विचारायला वेळ नसतो.

डॉरीनने मात्र वाट काढली. रेकॉर्डची मूळ तबकडी कोरणारा एक म्हातारा असतो, आमचा लेन नावाचा होता. गाणं संपतं तिथून मधल्या लेबलापर्यंत एक कोरी, गुळगुळीत पट्टी उरते. तिथे सुईने चार शब्द खरडायची या धंद्यात प्रथा आहे. कुणी विनोद खरडतं, कुणी शिवी. लेनने विचारलं, “काही घालायचंय का?” एड्रियन विचार करत बसला, तेवढ्यात डॉरीन पुढे झाली. ती पट्टी माझ्या ठरावात आलीच नव्हती; तिच्याबद्दल मला माहितीच नव्हती. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली तर आजही वाचता येतं: ‘आई, खालचा आवाज माझा.’ पुढे अल्बम केला, त्यावरही तेच खरडून घेतलं. तिच्या आईने ती रेकॉर्ड कधी वाजवली नाही म्हणे. खिडकीपाशी नेऊन फक्त तिरकी धरायची.

चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये डॉरीनला मुलगी झाली, नेओमी. पुढच्या वर्षी बँड लंडनला गेला, ती गेली नाही. तिच्या जागी आलेल्या मुलाने तिचेच सूर वाजवले, दीड वर्षात बँड मोडला, आणि मोडलेल्या बँडचं होतं तसं यांचं झालं. गावभर कीर्ती. जे आयुष्यात त्यांच्या एका कार्यक्रमाला आले नाहीत, ते पहिल्या रांगेत बसल्याच्या आठवणी सांगायला लागले.

मग तो सोमवार. सीडीला ती कोरी पट्टी नसते. सीडीला पुस्तिका असते, आणि पुस्तिकेत रकाने असतात.

मी एड्रियनला फोन लावला. तो आता लंडनला जाहिराती लिहितो.

“मित्रा! किती वर्षांनी!”

“बेस कुणी वाजवला, एड्रियन?”

“हे बघ, आपणच तर ठरवलं होतं ना, नावं महत्त्वाची नाहीत म्हणून?”

“मग तुझं का घातलंस?”

“कंपनीचा फॉर्म होता. रकाना रिकामा सोडता येत नव्हता.”

“तर डॉरीन लिहायचं!”

“अगं, तिचं आडनाव आठवेना.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आणि तुझं ते पत्रक माझ्याकडे अजून आहे बरं का. फारच सुंदर लिहिलं होतंस.”

फोन आपटण्यात मी वाकबगार आहे. त्या दिवशी हळूच ठेवला.

कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, गुळगुळीत कागदावर. त्यांच्याकडे अशा कुणा व्यक्तीची नोंद नाही. बँडच्या मुख्य सदस्याने दिलेली माहिती ते ग्राह्य धरतात. मी त्या खरडलेल्या ओळीबद्दल लिहिलं. त्यांनी उलट विचारलं, त्यात नाव कुठे आहे? ‘आई’ कुणाची? हे मात्र बरोबर. आई कुणाचीही असू शकते. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की संबंधित व्यक्ती बँडसोबत वाजवत असल्याचा त्या काळातला एखादा फोटो दिल्यास पुढच्या आवृत्तीच्या वेळी विचार करू.

फोटो! फोटो कुणी बंद केले होते? मीच. दर कार्यक्रमाला दाराशी पाटी घेऊन मीच उभी असायचे. कॅमेरा दिसला की झडप घालायचे. एका विद्यार्थ्याची फिल्म मी स्वतः ओढून उजेडात धरली होती. माझं काम चोख असतं. तेरा वर्षं मागे जाऊन शोधते आहे, डॉरीनचा एक फोटो सापडत नाही.

हे सगळं एका ओळीसाठी कशाला, असं संपादकांनी विचारलंच. तर ऐका कशासाठी. गेल्या वर्षी नेओमीने ती सीडी वाढदिवसाच्या पैशातून आणली. अकरा वर्षांची मुलगी. वर्गात सांगून ठेवलेलं, ही माझी मम, म्हणजे आई. पुस्तिका उघडली, वाचली, पुन्हा वाचली, आणि आईला विचारलं, “तू त्यांची कोण होतीस, खरं सांग?” डॉरीनने कपाटावरून बेस काढून वाजवून दाखवला. पोरगी म्हणाली, “हे आता कुणालाही वाजवता येतं, मम. सीडी ऐकून.”

डॉरीन मला हे सांगताना हसत होती. हसता हसता म्हणाली, “जगाचं जाऊ दे, बॅब. जगाला मी कधी काही सांगितलं नव्हतं. हिला मी सांगितलंय. ही मला खोटारडी समजते.”

त्या पोरीची आजी आता नाही, नाहीतर तिने रेकॉर्ड खिडकीपाशी नेली असती.

आता तुमच्याकडे येते. हो, तुमच्याकडे, मंडळींनो. चौऱ्याऐंशीचा जून. हॉस्पिटलची लाँड्री बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं घाटत होतं, तिथल्या बायकांच्या नोकऱ्या जाणार होत्या. त्यांच्यासाठी कोल्ड कँटीनने हॉस्पिटलच्या सोशल क्लबात भरदुपारी, जेवणाच्या सुट्टीत कार्यक्रम केला. तिकिटं बाबांनी खपवली, म्हणून निम्मं मंडळ आलं होतं. काही वॉर्डातून गळ्यात स्टेथोस्कोप तसाच, काही मुलांना घेऊन. खरं सांगा, तुम्ही लाँड्रीसाठी आला नव्हतात. लेले काकूंचे बटाटेवडे आहेत असं बाबांनी सगळीकडे सांगितलं होतं. पहिलं गाणं सुरू झालं आणि कुणीतरी ओरडलं, “अहो, फ्यूज उडालाय का बघा!” तरी तुम्ही थांबलात. वडे गरम होते. तिसऱ्या गाण्याला जोशी वहिनी मान डोलवत होत्या, मी पाहिलंय.

डॉरीन सात महिन्यांची गरोदर होती. पोटामुळे बेस समोर धरता येईना, म्हणून तिने तो बाजूला, कमरेवर घेतला होता, कडेवर मूल घेतात तसा.

आणि भूलतज्ज्ञ लेले काका कॅमेरा घेऊन हिंडत होते. मी पाटी नाचवत धावले. “काका, वाचता येतं ना? फोटो बंद आहेत!”

“अगं, मी बँडचा कुठे काढतोय?” काका म्हणाले. “मी आपल्या माणसांचा काढतोय. बँड मागे आला तर त्याला मी काय करू? जोशी, थोडे डावीकडे. वडा खाली धरा.”

मी त्यांच्यावर ओरडले. चारचौघांत, वाटेल तसं. काकांनी शांतपणे अख्खा रोल संपवला.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची माफी मागायची राहिली, ती इथे मागते. गेल्या महिन्यात काकूंना फोन केला, त्या केंब्रिजला मुलीकडे असतात. निगेटिव्ह घर बदलताना गेल्या. “पण अगं,” काकू म्हणाल्या, “यांची पद्धत तुला माहीत नाही का? ज्याचा फोटो, त्याला त्याची कॉपी. आठवड्याच्या आत, घरपोच. त्या दिवशी जे जे आले होते, त्या सगळ्यांना दिलेत यांनी.”

सगळ्यांना. म्हणजे तुम्हाला.

तेव्हा हा अंक खाली ठेवा. माळ्यावरचे, पलंगाखालचे, सुटकेसमधले अल्बम काढा. चौऱ्याऐंशी सालचे. हातात कागदी बशी आणि बशीत वडा असा तुमचा फोटो शोधा. केस काळे होते, कंबर होती, बघून हळहळाल. ते नंतर करा. स्वतःकडे बघू नका. खांद्याच्या मागे बघा. तिथे पिवळ्या ड्रेसमधली एक काळी बाई असेल, कमरेवर गिटार, मान खाली. पोटात नेओमी. तो फोटो चिकटवलेला असेल तर पान फाडा. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा, पाकिटावर संपादकांचं नाव घाला, आणि उद्या सकाळी कामावर जाताना पेटीत टाका. कंपनीला मी नंतर बघते. तो आधी डॉरीनच्या घरी जाणार आहे.